दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : वसतिगृहापासून विधिमंडळापर्यंत

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या भागातील जैन समाज हा प्रामुख्याने शेतकरी समाज आहे. वारणा, पंचगंगा, कृष्णा आणि घटप्रभेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या या समाजात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिक्षणाचा प्रकाश फारच मंद होता. चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ अशा पोटभेदांत तो विभागलेला होता आणि सरकारदरबारी त्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. अशा समाजातून एक विद्वान पुढे यावा, त्याने दिल्लीच्या कायदेमंडळात बसावे, एका मोठ्या संस्थानचा दिवाण व्हावे आणि अखेरीस मुंबई प्रांताच्या तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती याव्यात, ही गोष्ट त्या काळी स्वप्नवतच वाटली असती. दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांनी ते स्वप्न सत्यात उतरविले.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. कुरुंदवाड हे तेव्हा पटवर्धनांचे छोटे संस्थान होते; आज ते कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात आहे. कुशाग्र बुद्धी आणि अविरत परिश्रम यांच्या बळावर त्यांनी इंग्रजी विषयात एम. ए. आणि पुढे एलएल. बी. या पदव्या संपादन केल्या. या भागातील जैन समाजात एवढे उच्च शिक्षण घेतलेली माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांनी मनात आणले असते, तर वकिली किंवा सरकारी नोकरी करून सुखाने आयुष्य घालविता आले असते. परंतु आपल्याला मिळालेले शिक्षण हे समाजाचे ऋण आहे, अशी त्यांची धारणा होती आणि ते ऋण फेडण्यास त्यांनी विद्यार्थिदशेपासूनच आरंभ केला.

१८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी या तीर्थक्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. हीच सभा पुढे दक्षिण भारत जैन सभा या नावाने ओळखली जाऊ लागली. सभेच्या पहिल्या पिढीच्या कार्यकर्त्यांत तरुण लठ्ठे अग्रभागी होते. पोटभेद विसरून समाज एक व्हावा, मुलामुलींना शिक्षण मिळावे, रूढींचे ओझे कमी व्हावे, ही सभेची उद्दिष्टे होती. सभा, अधिवेशने, ठराव यांबरोबरच या पिढीने एक भरीव काम हाती घेतले. ते म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांचे. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्याची सोय नसेल, तर शाळा असूनही त्याला तिचा उपयोग नाही, हे साधे सत्य त्यांनी ओळखले होते. जैन तत्त्वज्ञानाचा परिचय इंग्रजी वाचकांस व्हावा म्हणून १९०५ मध्ये अण्णासाहेबांनी त्या भाषेत एक परिचयग्रंथही लिहिला.

त्याच सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपती महाराजांनी बहुजनांच्या शिक्षणाचे युग सुरू केले होते. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा ऐतिहासिक हुकूम काढला आणि निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. जैन वसतिगृह हे त्यांपैकीच एक. अण्णासाहेबांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले, संस्थानच्या शिक्षण खात्यातही काम केले. महाराजांचे धोरण आणि लठ्ठे यांचे ध्येय एकाच दिशेचे असल्याने हा काळ मोठ्या उमेदीचा होता.

परंतु सार्वजनिक जीवनात फुलांबरोबर काटेही येतात. १९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले. हे डांबर प्रकरण त्या काळी फार गाजले. जैन वसतिगृहाच्या कारभारावरून अंतर्गत मतभेद होतेच; त्यांतून संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळविली गेली. कुंभोजचे तरुण भाऊराव पाटील, पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून कर्मवीर ठरलेले, यांच्यावर लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी दडपण आणण्यात आले. भाऊरावांनी कोठडीत छळ सोसला, जिवावरचा प्रसंगही ओढवून घेतला, परंतु खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत. लठ्ठे यांच्यावरील आरोप कधी शाबीत झाला नाही. तथापि ज्या नगरीत उमेदीची वर्षे घातली, ती नगरी सोडून त्यांना बेळगावास जावे लागले. तेथे त्यांनी वकिली सुरू केली.

एखादा सामान्य माणूस या आघाताने कडवट झाला असता. अण्णासाहेबांनी मात्र वैयक्तिक मानापमान आणि सार्वजनिक कार्य यांची खाती निराळी ठेवली. पुढे ब्राह्मणेतर चळवळीने जोर धरला, तेव्हा महाराज आणि लठ्ठे पुन्हा एकाच बाजूस उभे राहिले. १९१७ साली भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांच्या चौकशीसाठी हिंदुस्थानात आले. त्या काळात अण्णासाहेब आणि वालचंद रामचंद कोठारी यांनी डेक्कन रयत संघाच्या द्वारे शेतकरी व मागासलेल्या वर्गांची बाजू मांडली. नव्या कायदेमंडळांत केवळ सुशिक्षित उच्चवर्णीयच बसले, तर रयतेच्या पदरी काय पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. १९१९ च्या कायद्यानुसार मुंबईच्या कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या, त्यामागे या चळवळीचा मोठा वाटा होता.

या कायद्यान्वये १९२० च्या अखेरीस पहिल्या निवडणुका झाल्या. मताचा अधिकार तेव्हा सारा, कर किंवा मालमत्ता यांवर अवलंबून असल्याने मतदारांची संख्या अगदी मर्यादित होती. काँग्रेसने असहकाराचे धोरण स्वीकारून या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. अण्णासाहेबांनी मात्र निवडणूक लढविण्याचे ठरविले आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. १९२१ ते १९२३ या काळात त्यांनी तेथे काम केले. राष्ट्रीय चळवळीतील अनेकांना हा निर्णय रुचला नाही. त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा आक्षेप घेतला गेला आणि त्या काळच्या भारलेल्या वातावरणात तो स्वाभाविकही होता. कुरुंदवाड-बेळगावच्या परिसरातील शेतकऱ्याला दिल्लीत कोणी तरी बोलणारा हवा, ही त्यांची भूमिका होती. बहिष्कारामुळे जागा रिकामी राहत नाही, तेथे दुसरा कोणी तरी बसतो, हे त्यामागचे व्यवहारी गणित होते.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे. ज्यांच्या राज्यात संशयाचे बळी व्हावे लागले, त्यांच्याच जीवनकार्याची साधार नोंद त्यांनी इतिहासासाठी करून ठेवली. राजर्षींच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथाकडे वळावे लागते. आणि नियतीची योजना अशी की, पुढे छत्रपती राजाराम महाराजांनी त्याच लठ्ठे यांना सन्मानाने बोलावून कोल्हापूर संस्थानचे दिवाण केले. ज्या नगरीतून खाली मान घालून जावे लागले, तीत ते राज्यकारभाराचे प्रमुख म्हणून परतले. या काळात त्यांनी कोणाचे जुने उणे काढल्याची नोंद नाही. शाहू महाराजांचे शैक्षणिक धोरण पुढे चालविणे हीच त्यांनी आपली जबाबदारी मानली. गोलमेज परिषदेच्या निमित्ताने त्यांना लंडनलाही जावे लागले.

दिवाणपद सोडल्यानंतर विश्रांती घेण्याचे ते वय होते. परंतु देशाचे राजकारण आता पालटले होते. १९३० च्या सत्याग्रहानंतर केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर चळवळीतील अनेक नेते काँग्रेसमध्ये आले होते. रयतेचे राजकारण आता काँग्रेसच्याच मार्गाने होऊ शकेल, हे अण्णासाहेबांनीही जाणले. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या पुष्कळ वाढली होती आणि शेतकरी मतदार प्रथमच मोठ्या प्रमाणावर मतपेटीपर्यंत पोहोचणार होता. १९३७ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. सतरा वर्षांपूर्वी ज्या पक्षाच्या बहिष्काराला न जुमानता ते निवडून गेले होते, त्याच पक्षाचे ते आता प्रतिनिधी झाले. पक्ष बदलला, तरी त्यांचा पक्षकार बदलला नाही. तो शेतकरीच राहिला.

१७५ जागांच्या त्या विधानसभेत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. आरंभी धनजीशा कूपर यांचे अल्पकालीन मंत्रिमंडळ अधिकारावर आले. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने सूत्रे हाती घेतली. कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या पंक्तीत अर्थखाते अण्णासाहेबांकडे आले. काँग्रेसच्या धोरणानुसार मंत्र्यांचे वेतन दरमहा अवघे ५०० रुपये ठरले. संस्थानच्या दिवाणपदाचा थाट अनुभवलेल्या या गृहस्थाने तेही आनंदाने स्वीकारले.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्यापुढे आलेला सर्वांत कठीण प्रश्न दारूबंदीचा होता. अहिंसा आणि संयम यांवर श्रद्धा असणाऱ्या जैन कुळात जन्मलेल्या अण्णासाहेबांना दारूबंदी मनापासून प्रिय असणार, यात शंका नाही. परंतु अबकारीचे उत्पन्न हा प्रांताच्या तिजोरीचा एक मोठा आधारस्तंभ होता. शेतसारा कमी करा, शाळा वाढवा, कर्जबाजारी शेतकऱ्यास सोडवा, अशा मागण्या एकीकडे आणि तिजोरीचा मोठा ओघ स्वतःच्याच हाताने बंद करावयाचा, हे दुसरीकडे. चांगल्या कामाचा खर्च कोणी तरी उचलावाच लागतो. हे सत्य जमाखर्च ठेवणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते, पण व्यासपीठावरून ते सांगण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ असते.

अण्णासाहेबांनी ते धैर्य दाखविले. १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या मूल्याच्या १० टक्के दराने कर बसविण्यात आला. त्याच वर्षी मोटारीचे इंधन आणि गिरणीचे कापड यांच्या विक्रीवर कर आकारण्याचा कायदाही झाला. घरमालक संतापले, व्यापारी वर्ग नाराज झाला. सभागृहात समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माजी अर्थमंत्री जमनादास मेहता यांच्यासारखे अर्थशास्त्राचे जाणकार बसलेले होते; त्यांच्या टीकेला तोंड देणे सोपे नव्हते. मालमत्ता कराचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने तो कर कायदेशीर ठरविला. या कराची झळ मध्यमवर्गीय घरमालकासही लागली, हे नाकारता येणार नाही. तथापि खेड्यातील रयतेवर नवा बोजा न टाकता शहरातील संपन्नतेकडून तो वसूल करावा, ही त्यामागील दृष्टी स्पष्ट होती.

याच मंत्रिमंडळाच्या काळात लहान जमीनधारकांना संरक्षण देणारा १९३८ चा कायदा आणि शेतकरी कर्जदारांना दिलासा देणारा १९३९ चा कायदा संमत झाला. करबंदीच्या लढ्यात ज्यांच्या जमिनी जप्त झाल्या होत्या, त्यांना त्या परत मिळवून देण्याची व्यवस्थाही झाली. डेक्कन रयत संघाच्या काळात मागणी करणारा माणूस आता देण्याच्या आसनावर बसला होता आणि त्याने आपली जुनी मागणी विसरली नव्हती.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, हिंदी लोकांना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अवघ्या सव्वादोन वर्षांत अण्णासाहेबांचे मंत्रिपद संपले. पाठोपाठ दारूबंदीची घडीही विस्कटली. त्यांनी मांडलेला हिशेब पूर्ण होऊ शकला नाही, एवढे खरे. परंतु स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा नवा कायदा केला आणि एप्रिल १९५० मध्ये संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अण्णासाहेबांनी या जगाचा निरोप घेतला.

केवळ दोन निवडणुका आणि काही वर्षांचे अधिकारपद एवढ्यावर या जीवनाचे मोजमाप करता येणार नाही. अधिकार आला तेव्हा ते मातले नाहीत, अन्याय झाला तेव्हा ते कडवट झाले नाहीत आणि लोकप्रियता जाईल म्हणून त्यांनी खर्चाचा आकडा लपविला नाही. सांगलीतील लठ्ठे एज्युकेशन सोसायटीने त्यांचे नाव आपल्या शिक्षणकार्याशी जोडून ठेवले आहे आणि ते सर्वथा उचितच आहे. कारण त्यांच्या साऱ्या वाटचालीचा उगम खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्यासाठी मिळालेल्या एका खोलीत होता. ज्या ज्या वसतिगृहात आज शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी दिव्याखाली अभ्यास करीत बसते, तेथे अण्णासाहेबांचे कार्य पुढे चालू आहे, असे समजण्यास हरकत नाही. या थोर समाजपुरुषाच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!