जेम्स ब्रॅडॉक : धक्क्यावरचा जगज्जेता
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडच्या कुस्तीचा नियम सर्वांना ठाऊक आहे. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. मग पैलवान कितीही ताकदीचा असो, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो. मुष्टियुद्धाची रीत वेगळी आहे. तिथे ठोसा खाऊन माणूस खाली कोसळला तरी लढत लगेच संपत नाही. पंच एकापासून अंक मोजू लागतो. दहा म्हणायच्या आत जो उठून उभा राहतो, त्याची लढत पुढे चालू राहते. तिथे पडण्याला पराभव म्हणत नाहीत, पडून राहण्याला म्हणतात.

हा नियम मनात ठेवून जेम्स ब्रॅडॉक या अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या आयुष्याकडे पाहावे. ऐंशीहून अधिक लढती तो लढला. त्यांतल्या पुष्कळ हरला. परंतु पंचाने दहा अंक मोजून त्याला बाद केले, असे त्याच्या साऱ्या कारकिर्दीत फक्त एकदा घडले. आणखी एकदा जखमेमुळे त्याची लढत थांबवावी लागली. बाकीचे सारे पराभव त्याने आपल्या दोन पायांवर उभे राहून ऐकले. जो लुई, रॉकी मार्सियानो, महंमद अली यांच्या पंक्तीत त्याला कोणी बसवत नाही, आणि ते बरोबरही आहे. तरीसुद्धा या लेखासाठी मी त्यालाच निवडले. का, ते पुढे येईलच.

ब्रॅडॉकचा जन्म ७ जून १९०५ रोजी न्यू यॉर्क शहरातल्या हेल्स किचन नावाच्या वस्तीत झाला. या नावाचा अर्थ नरकाचे स्वयंपाकघर! वस्ती कशी असेल, हे नावावरूनच कळावे. घराणे आयरिश वंशाचे, खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. पुढे हे कुटुंब हडसन नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात राहायला गेले. मुलाचे शिक्षण फारसे झाले नाही. निरोप पोचवणे, छापखान्यात पडेल ते काम करणे, अशा किरकोळ नोकऱ्या त्याने केल्या. शाळेने जे दिले नाही ते मुठी देतील, या आशेने तो मुष्टियुद्धाकडे वळला आणि १९२६ साली व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला.

सहा फुटांहून अधिक उंची, सडपातळ बांधा आणि उजव्या हाताचा जबरदस्त ठोसा, एवढे त्याचे भांडवल. जो गुल्ड हा बुटका, बोलका माणूस त्याचा व्यवस्थापक होता आणि शेवटपर्यंत त्याचा मित्र राहिला. नोव्हेंबर १९२८ मध्ये ब्रॅडॉकने टफी ग्रिफिथ्स या नावाजलेल्या योद्ध्याला दुसऱ्याच फेरीत हरवले आणि त्याचे नाव झाले. जुलै १९२९ मध्ये लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता टॉमी लॉफ्रन याच्याशी त्याची गाठ पडली. लॉफ्रन चपळ आणि कसबी होता. पंधरा फेऱ्यांत ब्रॅडॉकचा तो उजवा ठोसा त्याला नीट असा लागलाच नाही. ब्रॅडॉक गुणांवर हरला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला. अर्थशास्त्राच्या तासाला आपण जी महामंदी शिकतो, ती हीच. पुस्तकात ती आलेख आणि टक्केवारी होऊन येते. १९३३ साली अमेरिकेतल्या सुमारे एक चतुर्थांश कामगारांना काम नव्हते, हे वाक्य आपण परीक्षेसाठी पाठ करतो. ब्रॅडॉकच्या घरात हीच टक्केवारी रिकाम्या भांड्यांच्या रूपाने आली. लढतींतून साठवलेला पैसा बुडाला. १९३० साली त्याचे मे फॉक्स हिच्याशी लग्न झाले आणि पुढच्या काही वर्षांत तीन मुले झाली. इकडे उजवा हात वरचेवर मोडत होता. हात पुरता बरा होईपर्यंत थांबावे, तर घरी खायला नाही. तसाच लढावा, तर हात पुन्हा मोडणार. या चार वर्षांत तो जिंकला त्याहून कितीतरी जास्त हरला. सप्टेंबर १९३३ मध्ये एका लढतीत हात पुन्हा मोडला. ती लढत निकालाविनाच थांबवली गेली आणि ब्रॅडॉकचे मुष्टियुद्ध संपले असेच सर्वांनी धरले.

मग तो बंदरावर हमाली करू लागला. न्यू जर्सीच्या धक्क्यांवर सकाळी माणसांची गर्दी जमायची. मुकादम हवी तेवढी माणसे निवडायचा, बाकीची रिकाम्या हाताने परत जायची. ज्याला काल हजारो लोक पाहत होते, तो त्या गर्दीत आपल्याकडे बोट दाखवले जाईल का, याची वाट पाहत उभा राहू लागला. काम मिळाले की ओझी उचलायची, लोखंडी हूक अडकवून माल ओढायचा. उजवा हात अधू, म्हणून सगळा भार डाव्या हातावर.

हे लिहिताना माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ते बाजारात हमाली करतात. त्यांचा हूक आमच्या घरी दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असतो. पोत्यात हूक नेमका कुठे अडकवायचा, वजन पाठीवर घेताना श्वास कधी रोखायचा, कोणता खांदा कधी बदलायचा, याची एक विद्या असते आणि ती कोणत्याही पुस्तकात नाही. म्हणूनच पुढची गोष्ट वाचली तेव्हा मला तिचे नवल वाटले नाही, आनंद मात्र फार झाला. हमालीने ब्रॅडॉकचा डावा हात तयार केला. पूर्वी तो एकट्या उजव्या हाताच्या भरवशावर लढे आणि डावा नुसता सोबतीला असे. धक्क्यावरच्या ओझ्यांनी त्या डाव्या हाताला असे बळ दिले, की परत रिंगणात उतरला तेव्हा तो दोन हातांचा योद्धा झाला होता. लॉफ्रनपुढे जे कमी पडले होते, ते कुठल्या व्यायामशाळेत नाही, हमालीत मिळाले.

पण हमाली तरी रोज कुठे मिळत होती? मुलांना दूध आणायला पैसे उरले नाहीत, तेव्हा ब्रॅडॉकने सरकारी मदतीसाठी नाव नोंदवले. महिन्याला चोवीस डॉलर मिळत. अंगाला ठोसे लागून न वाकलेल्या या माणसाला त्या रांगेत उभे राहणे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्यांनी अशा रांगा पाहिल्या आहेत त्यांना येईल. माझ्या फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली होती. दोन्ही दिवस ते धुतलेला सदरा घालून गेले होते. आपण गरीब आहोत असे कागदावर लिहून घ्यायला जातानाही त्यांना नीटनेटके दिसायचे होते.

जून १९३४ मध्ये नशिबाने किंचित दार उघडले. त्या महिन्याच्या १४ तारखेला न्यू यॉर्कमधल्या लाँग आयलंड सिटी इथल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन बाउलमध्ये हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत व्हायची होती. मुख्य लढतीआधी कॉर्न ग्रिफिन नावाच्या उगवत्या योद्ध्यासमोर उभे करायला कोणीतरी हवे होते. गुल्डने ब्रॅडॉकचे नाव पुढे केले. तयारीला जवळजवळ वेळच नव्हता. मोबदला अडीचशे डॉलर. ग्रिफिनने दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडले. पंच अंक मोजू लागला. ब्रॅडॉक उठला, आणि तिसऱ्या फेरीत त्यानेच ग्रिफिनचा निकाल लावला. त्याच रात्री, त्याच रिंगणात, मॅक्स बेअरने अजस्र प्रिमो कार्नेराला लोळवून जगज्जेतेपद मिळवले. बरोबर वर्षभराने आपण बेअरसमोर उभे असू, असे त्या रात्री ब्रॅडॉकने म्हटले असते, तर लोक हसले असते.

नोव्हेंबरमध्ये त्याने जॉन हेन्री लुईसला हरवले. याच लुईसने दोन वर्षांपूर्वी त्याला हरवले होते. मार्च १९३५ मध्ये त्याने आर्ट लास्कीवर पंधरा फेऱ्यांत मात केली. आता जगज्जेत्याशी लढण्याचा हक्क त्याला मिळाला. हातात पैसा येताच त्याने जी गोष्ट केली, तिच्यामुळे त्याचे नाव आजही घेतले जाते. सरकारी मदतीचे जेवढे पैसे घेतले होते, तेवढे सारे त्याने परत केले.

१३ जून १९३५. रिंगण तेच. बेअर सव्वीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, भयंकर ठोशाचा. १९३० साली त्याच्याशी लढलेला फ्रँकी कॅम्पबेल हा योद्धा मरण पावला होता. पैजा ब्रॅडॉकच्या विरुद्ध दहास एक अशा लागल्या होत्या. बेअरने त्याला गंभीरपणे घेतलेच नाही. सराव अर्धवट केला आणि रिंगणातही तो विदूषकी चाळे करत राहिला. ब्रॅडॉकने मात्र एकच धोरण ठेवले होते. बेअरच्या उजव्या हाताच्या टप्प्यापासून सरकत राहायचे आणि डाव्या हाताचे सरळ ठोसे देत गुण जमवायचे. तोच डावा हात, धक्क्यावर तयार झालेला! बेअरचे काही तडाखे बसले, पण ते खाऊन तो उभाच राहिला. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हा पंचांनी एकमताने ब्रॅडॉकला विजयी ठरवले. ज्याचे नाव काही काळापूर्वी मदतीच्या यादीत होते, तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. चुलीजवळ राखेत बसणाऱ्या आणि एका रात्रीत राजवाड्यात पोचणाऱ्या परीकथेतल्या मुलीवरून डेमन रनियन या पत्रकाराने त्याला सिंड्रेला मॅन म्हटले. २००५ साली याच नावाचा चित्रपटही निघाला.

परीकथा इथे संपते, ब्रॅडॉक संपत नाही. दोन वर्षांनी, २२ जून १९३७ रोजी, शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये तो जो लुईसमोर उभा राहिला. लुई कृष्णवर्णीय होता. १९१५ साली जॅक जॉन्सनचे पद गेल्यापासून एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नव्हते. गोरे जगज्जेते त्यांचे आव्हानच स्वीकारत नसत. ब्रॅडॉकने ते स्वीकारले. यात व्यवहारही होता, तो लपवण्याचे कारण नाही. लुईच्या प्रवर्तकाच्या हेवीवेट लढतींच्या नफ्यातला दहावा हिस्सा दहा वर्षे मिळावा, असा करार गुल्डने करून घेतला होता. गरिबी पाहिलेल्या माणसाने उद्याच्या भाकरीची तजवीज केली, तर त्याला दोष कसा द्यावा?

पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने लुईला खाली पाडले! पण लुई उठला आणि मग ती लढत एकतर्फी होत गेली. ब्रॅडॉकचा चेहरा ठोशांनी सुजला, फाटला. सातव्या फेरीनंतर गुल्ड लढत थांबवायला निघाला, तेव्हा ब्रॅडॉकने त्याला निक्षून अडवले. जगज्जेतेपद जायचेच असेल तर ते रिंगणात जावे, स्टुलावर बसून नको, असा त्याचा हट्ट होता. आठव्या फेरीत लुईच्या उजव्या ठोशाने तो तोंडावर कोसळला. पंचाने दहा अंक मोजले. आयुष्यात एकदाच, ते हेच.

जानेवारी १९३८ मध्ये टॉमी फार या वेल्सच्या योद्ध्याला हरवून त्याने हातमोजे उतरवले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला. पुढे जहाजांच्या सामानाचा धंदा केला, आणि न्यू यॉर्कमधला १९६४ साली खुला झालेला व्हेराझानो पूल बांधला जात असताना तिथेही त्याने काम केले. जगज्जेतेपद भोगलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा कामगारांत मिसळला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही. २९ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यू जर्सीतल्या आपल्या घरी तो वारला.

मदतीचे पैसे परत केल्याची गोष्ट सांगून लोक ब्रॅडॉकची थोरवी गातात. मला त्याबाबत थोडे वेगळे म्हणायचे आहे. ज्यांनी ते पैसे परत केले नाहीत, ती लाखो माणसे लहान ठरत नाहीत. त्यांच्यासमोर कोणी मॅक्स बेअर आला नाही, एवढेच. मदत देणाऱ्याने ती परत मिळेल या आशेने दिली नव्हती. मुले जगावीत म्हणून दिली होती. माझ्या मते ब्रॅडॉकचे खरे धैर्य पैसे परत करण्याच्या आधीचे आहे. आपल्या नावाची, कीर्तीची लाज बाजूला ठेवून तो मुलांसाठी रांगेत उभा राहिला. पंच अंक मोजत असताना शहाणा योद्धा घाईने उठत नाही. एक गुडघा टेकून तो आठपर्यंत थांबतो, श्वास गोळा करतो आणि मग उभा राहतो. मदतीचे ते महिने म्हणजे ब्रॅडॉकचा टेकलेला गुडघा होता.

आपल्या महाविद्यालयातही असे गुडघा टेकून श्वास गोळा करणारे पुष्कळ आहेत. कोणी फीमाफीवर शिकतो, कोणी रात्री काम करून सकाळी तासाला बसतो, कोणाची बहीण शाळा सोडून मजुरीला जाते म्हणून तो इथे येऊ शकतो. त्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की अंक अजून मोजले जात आहेत आणि दहा व्हायला वेळ आहे.