महाकवीची अंकलिपी

तरास शेवचेंको हे नाव युक्रेनचे महाकवी म्हणून जगाला परिचित आहे. आम्हां घरापासून दूर राहणाऱ्यांना मात्र त्यांच्या काव्याइतकेच त्यांचे अखेरचे छोटेखानी पुस्तक मोलाचे वाटते. ते पुस्तक म्हणजे एक अंकलिपी होय.

शेवचेंकोंचा जन्म ९ मार्च १८१४ रोजी मोरिंत्सी या खेड्यात, भूदासाच्या घरी झाला. वयाची बारा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आईबापांचे छत्र हरपले. गावच्या चर्चमधील सेवकाकडे राबत ते लिहावाचावयास शिकले. पुढे धन्याच्या लवाजम्याबरोबर ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे त्यांची चित्रकला जाणत्यांच्या नजरेस पडली. ब्रूलोव या चित्रकाराने काढलेले कवी झुकोव्स्की यांचे चित्र सोडतीत काढून २,५०० रूबल उभे करण्यात आले आणि १८३८ साली शेवचेंको दास्यमुक्त झाले.

दोनच वर्षांनी 'कोबझार' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. राज्यकर्ते जिला खेडवळ बोली समजत, तिचे सामर्थ्य त्यातून प्रकट झाले. १८४७ साली एका गुप्त मंडळाशी असलेल्या संबंधावरून त्यांना अटक झाली. साधा शिपाई म्हणून त्यांची रवानगी ओरेनबुर्ग प्रांतात झाली; लिहिण्यास व चित्रे काढण्यास खुद्द झारने मनाई केली. तरीही बुटात लपविलेल्या चिमुकल्या वह्यांत कविता उतरतच राहिल्या. दहा वर्षांनी सुटका झाली, तेव्हा प्रकृती पार ढासळली होती.

रशियन भाषेशी त्यांचे वैर नव्हते. आपली रोजनिशी आणि अनेक कथा त्यांनी रशियनमध्येच लिहिल्या. परंतु आपल्या लोकांना पहिले अक्षर मातृभाषेतून मिळावे, यासाठी आयुष्याच्या अखेरीस, जन्मभूमीपासून दूर पीटर्सबर्गमध्ये, त्यांनी रविवारच्या शाळांकरिता अंकलिपी सिद्ध केली. चोवीस पृष्ठे, किंमत तीन कोपेक, प्रती १०,०००. खर्च सारा पदरचा. मुळाक्षरे, प्रार्थना, लोकगाथा, म्हणी आणि पाढे असा तिचा संसार होता. पाठोपाठ अंकगणित, भूगोल व इतिहास यांची पुस्तके काढण्याचा त्यांचा संकल्प होता. तो तडीस जाण्यापूर्वीच १० मार्च १८६१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा देह द्नीपर नदीकाठी कानिव्ह येथील टेकडीवर विसावला.

१८६२ साली सरकारने रविवारच्या शाळा बंद केल्या. १८६३ च्या परिपत्रकाने युक्रेनियन भाषेतील शालेय व धार्मिक पुस्तकांस मज्जाव झाला. १८७६ च्या हुकुमाने तो फास अधिकच आवळला. तीन कोपेकांच्या पुस्तकात साम्राज्याला भय वाटण्याजोगे काय होते, हे यावरून उमगते. पुढे १९९६ च्या राज्यघटनेने त्याच भाषेला स्वतंत्र युक्रेनची राज्यभाषा म्हणून मान्यता दिली.

आमच्या मुलांना मराठी शिकण्यास कोणाची बंदी नाही. येथे आड येतो तो फक्त आमचा आळस. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी एवढे जरी आम्ही ध्यानी धरले आणि घरोघरी एकेक अंकलिपी उघडली, तरी त्या दूरदेशीच्या कवीचे ऋण थोडेफार फिटेल.