नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे

ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांस ठाऊकच आहे की, येऊरच्या डोंगराखाली जेथे पूर्वी शेते व पाडे होते, तेथे आता पुष्कळ मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. ह्या रस्त्यालगतच्या एका उपासनेनंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने आम्हांस सांगितले की, देव आहे हे आधी तर्काने सिद्ध करून द्यावे, मग तो प्रार्थनेस येईल. जवळ उभ्या असलेल्या एका वडील बंधूंनी समोरच्या इमारतीकडे बोट करून विचारले, ही बांधणाऱ्यावाचून उभी राहिली काय? तरुणाने उत्तर केले की, इमारतीवरून बांधणारा आहे एवढे कळते, तो भला की लबाड हे कळत नाही. आणि घरासाठी ज्यांनी पैसे भरले आहेत, त्यांस हा भेद चांगला समजतो. मंडळी हसली. आम्हांस मात्र नीळकंठशास्त्र्यांची आठवण झाली, कारण हाच प्रश्न त्यांनी जन्मभर उरी बाळगला होता.

गोऱ्हे घराणे मूळचे कोकणस्थ ब्राह्मणांचे, पण बुंदेलखंडात गेलेले व पुढे काशीस राहिलेले. नीळकंठाचा जन्म १८२५ साली झाला. काशीत त्यांनी व्याकरण व न्याय ह्या शास्त्रांचे अध्ययन केले. ख्रिस्ती धर्माशी त्यांची पहिली गाठ पडली ती प्रतिपक्षी म्हणून. जॉन म्यूर नामक इंग्रज सरकारच्या एका अधिकाऱ्याने १८३९ साली मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदु शास्त्रांवर आक्षेप घेतले होते. त्यास उत्तर म्हणून ह्या विशीतल्या पंडिताने शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचला. त्यातील एक प्रहार आजही जड वाटतो. पूर्वजन्मीचे कर्म मानले नाही, तर जन्मतःच दुःख भोगणाऱ्या बालकाचा जाब कोणी द्यावा? असा देव अन्यायी ठरत नाही काय? आमच्या मते पुष्कळ उपदेशक ह्या प्रश्नास वळसा घालून जातात, आणि ते बरे नव्हे.

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ ह्यांच्याशी वाद करावयास ते जात असत. वादासाठी उघडलेले पवित्र शास्त्र हळूहळू वादाविना वाचले जाऊ लागले. घरच्यांचा विरोध व मनातील द्वंद्व ह्यांतून कसेबसे पार पडून १८४८ च्या मार्च महिन्यात जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हे नाव धारण केले. १८५३ साली कन्या झाली. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर लवकरच वारल्या. पुढच्या वर्षी महाराजा दुलीपसिंग ह्यांच्याबरोबर ते इंग्लंडास गेले. तेथील लोकांचा रोजचा व्यवहार पाहून त्यांची इतकी निराशा झाली की, ऑक्सफर्डचे पंडित माक्स म्युलर ह्यांस ती कित्येक वर्षांनंतरही आठवत होती.

त्यांचा मोठा ग्रंथ षड्दर्शनदर्पण. तो हिंदीत १८६० साली निघाला व फिट्झएडवर्ड हॉल ह्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर दोन वर्षांनी कलकत्त्यास छापले गेले. आमच्या खेड्यांतील वाचकांस दर्शनांची नावे परकी वाटतील, म्हणून वाद काय होता तो थोडक्यात सांगतो. न्यायदर्शनाचे आचार्य म्हणत की, घट आहे त्या अर्थी कुंभार आहे; तद्वत जग हे कार्य आहे, त्या अर्थी त्याचा कर्ता ईश्वर आहे. उदयनाचार्यांनी ही बाजू मोठ्या कौशल्याने मांडली. सांख्यांचे म्हणणे उलट होते: ईश्वर मुक्त असेल तर त्यास जग करण्याची इच्छा का व्हावी, आणि बद्ध असेल तर त्यास सामर्थ्य कोठून असावे? मीमांसक म्हणत, कर्म आपले फळ आपणच देते, कर्त्याची गरज काय?

गोऱ्ह्यांनी सांख्यांस उत्तर दिले, पण न्यायाच्या ईश्वरावरही ते संतुष्ट झाले नाहीत. परमाणू अनादि, जीव अनादि, कर्मही अनादि. मग ईश्वराकडे उरले काय? दुसऱ्याच्या मातीची मडकी घडविणाऱ्या कुंभाराएवढेच काम. वेदान्ताच्या निर्गुण ब्रह्मावर तर त्यांनी ग्रंथाचा पुष्कळ भाग खर्च केला आहे. ज्यास जाणणे नाही, इच्छा नाही, करणे नाही, त्यास ज्ञानस्वरूप म्हटले तरी त्यात व दगडात भेद कसा करावा, हा त्यांचा रोख होता. म्हणजे देव आहे की नाही ह्याच्याही आधी, देव म्हणजे कोण, हे ते ठरवू पाहात होते. हा ग्रंथ काही ठिकाणी फार कठोर आहे, हे आम्ही लपवीत नाही. वेदान्ती त्यांची मांडणी तशीच्या तशी मान्य करणार नाहीत.

पुढे ब्राह्म व प्रार्थना समाजाच्या विद्वानांस त्यांनी असे विचारले की, एकच पवित्र व दयाळू देव जर केवळ बुद्धीने सापडतो, तर इतक्या तीक्ष्ण बुद्धीच्या आपल्या पूर्वाचार्यांस तो तसा का सापडला नाही? ही कल्पना पवित्र शास्त्रातून आली, असे त्यांचे ठाम मत होते.

आणि तरीही संशयाने त्यांस सोडले नाही. इतरांची कोडी सोडविणारा हा मनुष्य बाप्तिस्म्यानंतरही वारंवार शंकांनी व्याकूळ होत असे. ते इंग्लंडच्या मंडळीचे दीक्षित पाळक झाले, काउली बंधुसंघात उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटचे व्रत त्यांनी घेतले नाही. त्यांची उपासनेची रीत आमच्या मंडळीची नव्हे. त्यांच्या साधेपणाविषयी मात्र दुमत नाही.

पुण्यात पंडिता रमाबाईंची व त्यांची भेट झाली. बाई स्वतः शास्त्रांत निपुण. त्यांच्याशी संस्कृताच्या जोरावर बोलू शकेल असा ख्रिस्ती मनुष्य विरळा. पुढे इंग्लंडात असताना त्यांच्या मनात जे प्रश्न उरले होते, त्यांचा उलगडा होण्यास गोऱ्ह्यांच्या लेखनाचे मोठे साहाय्य झाले, आणि १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्ह्यांची स्वतःची कन्या एलन लक्ष्मी इंग्रजी गीते लिहिणारी म्हणून प्रसिद्ध झाली. ते स्वतः १८९५ साली मुंबईत निवर्तले.

त्या तरुणास आम्ही षड्दर्शनदर्पणातील न्यायाचे प्रकरण वाचावयास दिले आहे. हिंदी फार जड आहे, अशी त्याची तक्रार आहे.