मार्गारेट स्टाइफ बाई : पांगळे पाय व उद्योगी हात

आठवड्याच्या बाजारात अथवा जत्रेत खेळण्यांच्या दुकानी टांगलेले मऊ कापडी अस्वल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. मूल त्यास कवटाळते, उशाशी घेऊन निजते, आणि ते हरवले तर जेवणाच्या ताटास शिवत नाही. परंतु अशी मऊ जनावरे शिवण्याचा उद्योग ज्या बाईंनी नावारूपास आणला, त्यांना स्वतःला जन्मभर एक पाऊल टाकता आले नाही व त्यांचा उजवा हात कधी धड चालला नाही, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. ज्या घरी सुईदोरा आहे आणि ज्या घरी अपंग लेकरू आहे, त्या दोन्ही घरांनी मार्गारेट स्टाइफ बाईंचे चरित्र समजून घेण्याजोगे आहे.

जर्मनी देशाच्या दक्षिणेस ब्रेंत्स नदीच्या काठी गींगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ता. २४ जुलै १८४७ रोजी मार्गारेटचा जन्म झाला. तिचा बाप फ्रीडरिख स्टाइफ हा घरे बांधणारा मिस्त्री होता. पाठोपाठच्या दोन मुलींनंतर ही तिसरी. तिच्यामागून फ्रिट्स नावाचा एक भाऊ झाला. मूल दीड वर्षाचे असता त्यास जबर ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही पाय लुळे पडले व उजव्या हातातले बळ गेले. हा रोग कोणता, हे आईबापांस लगेच कळले नाही. काही वर्षांनी वैद्यांनी निदान केले की, हा मुलांना लुळे करणारा ताप होय. ह्यालाच आपण आज पोलिओ म्हणतो.

त्या काळी अशा मुलीच्या वाट्यास बहुधा घराचा कोपरा येई. लग्न व्हावयाचे नाही, शेतात वा चुलीपाशी राबता यावयाचे नाही, आणि आईबापांच्या पश्चात तिला कोण सांभाळील, ही चिंता त्या घरात रात्रंदिवस असे. पण ग्रेटल (घरची माणसे तिला ह्याच नावाने हाक मारीत) स्वभावाने आनंदी व बोलकी होती. बहिणी व शेजारची मुले तिला लाकडी हातगाडीत बसवून शाळेपर्यंत ओढीत नेत, आणि तेथे कोणीतरी उचलून वर्गात बसवी. ओट्यावर गाडीत बसल्या बसल्या ती इतर मुलांसाठी नवनवे खेळ काढी, व धाकट्या मुलांवर लक्ष ठेवी. ह्यामुळे मुले तिच्याभोवती जमत. मुलांना काय आवडते, हे तिला पुढे जन्मभर अचूक कळत असे, त्याचे मूळ ह्या गाडीत असावे असे वाटते.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला लुडविग्सबुर्ग येथील मुलांच्या इस्पितळात नेण्यात आले. तेथे वेर्नर नावाच्या डॉक्टरांनी पायावर शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर उन्हाळ्यात विल्डबाड येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर ठेवले. घरच्या माणसांनी पैसा व आशा दोन्ही खर्च केली; पाय मात्र जसेच्या तसे राहिले. पुढेही उपाय चालूच होते. शेवटी सतरा वर्षांच्या सुमारास मुलीने आपल्या मनाशी निश्चय केला की, जे मिळावयाचे नाही त्याच्यामागे धावून जिवाची शांती घालवायची नाही; जे हाती उरले आहे त्याचे काय करता येईल, तेच पाहावयाचे. हा निश्चय बोलावयास सोपा आहे. तो निभावण्यास तिला पुढे सारा जन्म लागला.

हाती उरले होते काय? एक चांगला डावा हात, एक अधू उजवा हात, व तीक्ष्ण नजर. तिने शिवणशाळेत जाण्याचा हट्ट धरला. बापाला वाटे, हिला सुई धड धरता येत नाही, ही शिवणार काय! आरंभी टाके खरोखरच वाकडेतिकडे पडत. कामात ती वर्गात सर्वांच्या मागे असे. पण ती उसवी आणि पुन्हा शिवी. असे करता करता तिने शिवणाचा क्रम पुरा केला. मग थोरल्या बहिणींनी गावात बायकांचे कपडे शिवण्याचे दुकान मांडले, त्यात तीही बसू लागली. झिथर नावाचे तारांचे वाद्य ती वाजवी व शिकवीही, आणि त्यातूनही चार पैसे मिळवी. पुढे ह्या दुकानात गींगेनमधले पहिले शिवणाचे यंत्र आले. पण यंत्राचे फिरवावयाचे चाक उजव्या बाजूस असते, आणि तिचा उजवा हात तर चालत नसे. तेव्हा तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले, व मागच्या बाजूने बसून डाव्या हाताने चाक फिरवू लागली. कामाची रीत आपल्या अंगास जुळत नसेल तर काम सोडावयाचे नाही, रीत बदलावयाची, असा तिचा मार्ग ह्या एका गोष्टीत पूर्ण दिसून येतो.

बहिणी लग्ने होऊन गेल्या. बापाने इ.स. १८७४ मध्ये घरात फेरफार करून तिला शिवणाची स्वतंत्र खोली करून दिली. ज्या बापाला शंका होती, त्यानेच हे केले. येथून पुढे त्या स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. गावात एका नातलगाचा फेल्टचा कारखाना होता. फेल्ट म्हणजे विणलेले कापड नव्हे. लोकर ओली करून, दाबून व मळून जे जाड पान तयार होते ते. त्यास धागे नसल्यामुळे कापलेली कड सुटत नाही, दुमडून हेम घालावी लागत नाही, आणि लहान लहान तुकडे काटेकोर बेतता येतात. इ.स. १८७७ मध्ये बाईंनी ह्या फेल्टचे परकर व मुलांचे कोट तयार करून विकण्याचे दुकान काढले. मागणी वाढली, व त्यांनी हाताखाली बायका ठेवल्या.

आता त्या हत्तीची गोष्ट. इ.स. १८७९ च्या डिसेंबर महिन्यात बायकांच्या एका मासिकात कापडी हत्तीचा बेत छापून आला. बाईंनी त्यावरून फेल्टचे काही हत्ती शिवले व आत मेंढीची मऊ लोकर भरली. टाचण्या खोचण्याची गादी म्हणून हे हत्ती त्यांनी ओळखीच्या बायकांस भेट दिले. परंतु बायकांच्या टाचण्या डबीतच राहिल्या. हत्ती मुलांनी पळविले! त्या काळची खेळणी बहुधा लाकडाची, पत्र्याची, नाही तर चिनीमातीची असत; ती पडली की फुटत, अंगास लागत. उराशी धरून निजावे असे खेळणे मुलांना क्वचितच मिळे. बाईंच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी टाचण्यांचा नाद सोडला. भाऊ फ्रिट्स याने पोतेभर हत्ती जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात नेले, ते सर्व खपले. इ.स. १८८५ मध्ये ५९६ हत्ती विकले गेले. पुढच्या एकाच वर्षात ही संख्या पाच हजारांवर गेली. हत्तीमागून माकड, गाढव, घोडा, उंट, डुक्कर, कुत्रे, मांजर, ससा अशी सारी पागा तयार झाली. फ्रिट्सने बहिणीसाठी मोठे घर बांधले व तिची चाकांची खुर्ची सहज वर जावी म्हणून त्यास उतरता रस्ता केला. इ.स. १८९३ मध्ये फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून ह्या धंद्याची सरकारदप्तरी नोंद झाली.

धंदा वाढला की माल हलका होतो, असा जगाचा अनुभव आहे. बाईंनी तसे होऊ दिले नाही. नव्या जनावराचा पहिला नमुना त्या स्वतः हाती घेऊन तपासत, शिवण ओढून पाहत, आणि काही उणे दिसल्यास परत करीत. मुलांच्या हाती द्यावयाची वस्तू उत्तमच असली पाहिजे, ह्या एका नियमाबाबत त्यांनी कधी तडजोड केली नाही. मोठा माणूस फसविला गेला तर भांडतो. मुलाला भांडता येत नाही, म्हणून त्याला द्यावयाच्या वस्तूत अधिक प्रामाणिकपणा हवा.

फ्रिट्सच्या मुलांपैकी कित्येक जण आत्याच्या कारखान्यात आले. त्यांत रिखार्ड हा चित्रकलेत निपुण. तो श्टुटगार्ट शहरातील प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची चित्रे काढी. इ.स. १९०२ मध्ये त्याने हातपाय व मान हलणारे, मोहेर नावाच्या केसाळ कापडाचे अस्वल बेतले. हे कापड अंगोरा जातीच्या बकरीच्या केसांचे विणतात. ते महाग असल्यामुळे आत्याबाईंच्या मनात ह्या खेळण्याविषयी शंका होती. तरी त्यांनी भाच्यास अडविले नाही. इ.स. १९०३ च्या लाइप्त्सिग येथील मेळ्यात कित्येकांनी अस्वलाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पण अमेरिकेच्या एका व्यापाऱ्याने एकदम ३,००० अस्वले मागितली.

त्याच सुमारास अमेरिकेतही योगायोगाने असेच घडत होते. इ.स. १९०२ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले. त्यावर वर्तमानपत्रात चित्र आले, आणि ब्रूकलिन येथील मिक्टम नावाच्या एका दुकानदाराच्या बायकोने घरी कापडी अस्वल शिवून दुकानाच्या खिडकीत ठेवले. रूझवेल्टांचे लाडके नाव टेडी, त्यावरून सर्व कापडी अस्वलांस टेडी हे नाव पडले. समुद्राच्या दोन बाजूंस, एकमेकांची वार्ता नसता, दोन ठिकाणी सुईने तेच खेळणे घडविले, हे नवल नव्हे काय?

ह्यानंतर गींगेनमध्ये काम मावेना. इ.स. १९०३ मध्ये लोखंड व काच यांची एक इमारत उभी करण्यात आली. तिच्या भिंती जवळजवळ सर्व काचेच्या, म्हणजे शिवणाऱ्या बायकांना दिवसभर भरपूर उजेड मिळावा. नकली माल निघू लागला तेव्हा इ.स. १९०४ पासून प्रत्येक जनावराच्या कानात धातूची एक लहान गुंडी बसविण्यात येऊ लागली. तीच खऱ्या मालाची खूण झाली. इ.स. १९०७ मध्ये ९,७४,००० अस्वले तयार झाली. कारखान्यात ४०० माणसे होती, आणि सुमारे १,८०० माणसे आपापल्या घरी बसून काम करीत. बेतलेले तुकडे घरी न्यावयाचे, शिवून भरावयाचे व परत आणून द्यावयाचे, अशी ती रीत. जिच्याविषयी हिला कोण पोसणार असा घोर पडला होता, तिच्या उद्योगावर शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या.

ता. ९ मे १९०९ रोजी फुप्फुसाच्या दाहाने मार्गारेट बाई वारल्या. त्या वेळी त्यांचे वय ६१ वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नाही. पण भाच्यांनी त्यांचा धंदा चालविला, व तो गींगेन येथे आजही चालू आहे.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, इ.स. १९०८ मध्ये, लांडस्टाइनर व पॉपर ह्या दोघांनी व्हिएन्ना येथे दाखवून दिले की, मुलांना लुळे करणारा हा रोग विषाणूमुळे होतो. इ.स. १९५५ मध्ये त्यावरील लस लोकांना मिळू लागली. आपल्या देशात ह्या रोगाचा शेवटचा रोगी इ.स. २०११ च्या जानेवारीत आढळला, आणि ता. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तथापि रोग गेला म्हणून लस टाळता येत नाही. दोन थेंबांची आठवण प्रत्येक आईने ठेवावी. आणि आपल्या गावात ज्यांचे पाय त्यापूर्वीच गेले, त्यांना कोपऱ्यात बसवून न ठेवता त्यांच्या हातांस काय करता येते हे पाहावे.

वाचक भगिनींनो, असे खेळणे करण्यास कारखाना लागत नाही. नाताळाच्या भेटीसाठी, अथवा बालवाडीतील मुलांसाठी, जुन्या पण मजबूत लुगड्याचा वा धोतराचा तुकडा पुरे आहे. कागदावर जनावराच्या एका बाजूचा आकार काढून त्यावरून उलटसुलट अशी दोन पाने बेतावी. पोट व पायांच्या आतील बाजूसाठी एक वेगळा तुकडा घ्यावा, म्हणजे जनावर चपटे न होता चार पायांवर उभे राहते. कापडाची उलटी बाजू वर ठेवून बारीक उलट टीप घालावी, पाठीकडे दोन बोटे जागा मोकळी सोडावी, मग सुलटे करून धुऊन वाळविलेल्या चिंध्या अथवा कापूस आधी पायांत व नंतर पोटात घट्ट भरावा. तोंड बंद केल्यावर शिवण ओढून पाहावी. अगदी लहान मुलासाठी डोळ्यांच्या जागी गुंडी वा मणी लावू नये. तो तोंडात जाऊन घशात अडकतो. काळ्या दोऱ्याने डोळे भरावे.

टाके पहिल्या दिवशी वाकडे पडतील. गींगेनच्या त्या मुलीचेही पडले होते. तिने ते उसवले व पुन्हा घातले.