गुलाबी महालाचा राजा, आपल्या भिवंडीचा खासदार

मैत्रिणींनो, भिवंडीहून वाडा, विक्रमगड करत घाट चढला की जव्हार येतं. पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा आणि जाता-येता ‘जयविलास’ महाल, अशी आपली ठरलेली सहल. महालासमोर फोटो काढायचे आणि परत फिरायचं. पण हा महाल ज्यांनी बांधला ते राजेसाहेब १९६२ साली आपल्या भिवंडी मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले होते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

यशवंतराव मार्तंडराव मुकणे त्यांचं नाव. जन्म १९१७ चा. राजा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यात हे घराणं बसत नाही. मुकणे हे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. त्यांची गादी मात्र चौदाव्या शतकापासूनची. मूळ पुरुष जयाबा. त्यांनी म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळाल्यावर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडत नेल्या आणि भलामोठा मुलूख घेरला! आख्यायिकाच ती, पण जव्हारला अजून रंगवून सांगतात.

१९२७ मध्ये यशवंतराव गादीवर आले तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. पूर्ण अधिकार हाती यायला १९३८ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात ते वायुदलात दाखल झाले. डोंगरातल्या छोट्याशा संस्थानाचा राजा वायुदलाच्या गणवेशात, हे त्या काळी नवलच असणार.

गावात जुना राजवाडा होताच, पण यशवंतरावांनी टेकडीवर नवा महाल बांधला, तोच जयविलास. दगड गुलाबीसर, म्हणून लांबूनही नजरेत भरतो. उंच खांब, कमानी, ही ढब विलायती, वर घुमट मात्र आपल्याकडचे. भोवती काजूची झाडं. सिनेमावाल्यांना ही जागा आवडली नसती तरच नवल, इथे शूटिंगंही झाली आहेत. मला विचाराल तर महाल देखणा आहे, पण डोळे दिपवणारा नाही. बडोद्याचा लक्ष्मीविलास पाहिलेल्यांना तर तो एखाद्या ऐसपैस बंगल्यासारखा वाटेल. संस्थानच मुळी लहान, त्याला शोभेसा आहे.

महालापेक्षा मला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. याच राजवटीत जव्हारला मोफत शाळा होत्या, ग्रंथालय होतं, दवाखाना होता आणि बायकांसाठी वेगळं प्रसूतिगृहही होतं. जरा विचार करा, तो काळ कसला! पाड्यावरची बाई अडली तर सुईण आणि देव, एवढाच आधार. ओढ्याला पूर आला तर तिला झोळीत घालून न्यायलाही वाट नाही. अशा मुलखात बाळंतिणीची सोय व्हावी, हे दरबारात कुणाला तरी सुचलं!

१९४७ मध्ये यशवंतरावांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली आणि १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं. तेव्हा त्यांचं वय अवघं तीस. राज्य गेल्यावर बरेच राजे शिकार आणि शर्यतींत रमले. हे काँग्रेसच्या तिकिटावर मतं मागायला उतरले. १९६२ मध्ये भिवंडीतून आणि १९६७ मध्ये डहाणूतून ते निवडून आले. काल ज्यांच्याकडून मुजरा घेतला त्यांच्याच दारात हात जोडून जायचं, हे सोपं नसतं बाई. १९७१ मध्ये सगळ्याच राजांचे तनखे बंद झाले. १९७८ मध्ये यशवंतराव गेले.

पुढे १९९२ च्या सुमारास जव्हारचं नाव देशभर गाजलं ते महालामुळे नाही. तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं दगावली. ज्या गावात राजाच्या काळी प्रसूतिगृह होतं, त्याच्याच पाड्यांवर ही पाळी आली. मंत्री आले, अधिकारी आले, योजना आल्या. तरी पोटात बाळ घेऊन रोजगारासाठी गाव सोडणारी बाई तिथे अजूनही भेटते. वीटभट्टीवर कामाला ती आपल्या भिवंडीकडेही येते.

१ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार पालघर जिल्ह्यात गेलं, आपण ठाण्यातच राहिलो. रस्ता मात्र तोच आहे. पुढच्या वेळी गेलात तर जयविलास बघून लगेच गाडीत बसू नका. आधी चौकशी करून गावातल्या जुन्या राजवाड्याकडेही एक चक्कर मारा.