जन्मगावावरून ठरलेला शत्रू

हिंगोलीत आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची होती. एक परप्रांतीय कुटुंब विचारायला आलं नि गल्लीत कुजबुज सुरू झाली. मीही बिचकलेच. तेव्हा लामा गोविंदा आठवले.

त्यांचा जन्म १८९८ चा, जर्मनीतला. बौद्ध धम्माच्या ओढीने १९२८ मध्ये श्रीलंकेत आले, पुढे भारतात रमले, शांतिनिकेतनात शिकवू लागले. १९३८ मध्ये ब्रिटिश नागरिकही झाले. तरी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत डांबलं. मूळचे जर्मन, त्यात नेहरू घराण्याशी ओळख! छावणीतले हिटलरभक्त या साधूलाच छळायचे. शेवटी सरकारने नाझीविरोधकांसाठी डेहराडूनला वेगळी छावणी उघडली. १९४२ मध्ये त्यांना तिथे हलवलं. सुटका झाली थेट १९४५ मध्ये. १९४७ मध्ये मुंबईच्या पारशी चित्रकार रती पेटिट, म्हणजेच ली गोतमी, यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९८५ मध्ये ते गेले.

युद्धात सरकारने सावध राहावंच. पण पारख माणसाच्या वागण्याची हवी, जन्मगावाची नव्हे. भाडेकरूंची कागदपत्रं पाहिली, पोलीस ठाण्यात नोंद केली नि किल्ली त्यांच्या हातात दिली. कोणीही भाडेकरू आला असता, तरी एवढंच केलं असतं ना!