फादर थॉमस स्टीफन्स : ख्रिस्तपुराण रचणारा इंग्रज

मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या ओव्या तुम्ही कधी ना कधी ऐकल्या असतील. मराठी दिनाला तर त्या हमखास म्हटल्या जातात. पण ज्या ग्रंथातल्या या ओव्या आहेत, तो ग्रंथ मराठीचे कौतुक करण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो कशासाठी लिहिला, हे कळायला आपल्याला या माणसाचे आयुष्य पाहावे लागेल.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात झाला. तेव्हा तिथे कॅथलिक असणे म्हणजे जोखीम होती. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, कायद्याने बंद झाली होती. स्टीफन्स यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड तर धर्मापायी तुरुंगात गेले. स्टीफन्स रोमला निघून गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले ते २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापलेही गेले. ते परत मात्र कधीच गेले नाहीत. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यातच काढली, बहुतेक सासष्टी भागात.

आता सासष्टीची अवस्था बघा. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी इथली देवळे पाडली होती. जुन्या पोथ्यांवर बंदी होती. लोकांच्या मनात राग खदखदत होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ अक्वाविवा आणि आणखी चार येशूसंघीयांना ठार मारले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्यासाठी स्टीफन्स यांनाच खटपट करावी लागली. ज्याच्या स्वतःच्या देशात त्याच्या धर्माला बंदी, तोच माणूस इथे बंदी घालणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. हा विरोधाभास झाकून त्यांचे चरित्र सांगता येत नाही, सांगूही नये.

स्टीफन्स यांनी राग समजून घेतला की नाही, हे आपण कसे ठरवणार? पण लोकांची भूक त्यांनी ओळखली, एवढे नक्की. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही ऐकायचे काय? प्रश्न अगदी रास्त होता. पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवण करणाऱ्या माणसाला नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून कसे पुरणार?

त्याचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये ते राशोल (रायतूर) येथे छापले गेले. छपाईला देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या! ओव्या थोड्याथोडक्या नाहीत, जवळपास अकरा हजार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे बायबलचे भाषांतर नाही. त्या काळात कॅथलिक लोक घरी एकटे बसून बायबल वाचत नसत. ते चर्चमध्ये, सणावारांच्या ओघात, संस्कारांच्या सोबतीने कानावर पडत असे. जलप्रलयाची गोष्ट ऐकताना स्नानसंस्काराचे, म्हणजे बाप्तिस्म्याचे पाणी आठवायचे; रानात आकाशातून पडलेल्या मान्नाची गोष्ट ऐकताना मिस्सामधली भाकर आठवायची. ही परंपरेने शिकवलेली वाचनाची रीत. स्टीफन्स यांच्या ग्रंथाची मांडणीही त्याच वळणाची आहे. पहिल्या पुराणात जुना करार येतो, पण तारणाऱ्याची वाट पाहणारा म्हणून. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र येते. आणि ग्रंथ वाचायचा कुठे? तर रविवारी आणि सणाला, चर्चमध्ये, सगळ्यांनी मिळून. पुराण सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही सवय लोकांना होतीच की!

शब्दांची निवड तर फारच बोलकी आहे. स्वर्गाला ते बिनदिक्कत वैकुंठ म्हणतात. पण बाप्तिस्म्यासारख्या संस्काराची वेळ आली, की पोर्तुगीज-लॅटिन वळणाचा शब्द तसाच ठेवतात. कथा सांगताना आपला शब्द चालतो, संस्काराच्या नावाला मात्र हात लावायचा नाही. माझ्या मते हा भाषेचा तोकडेपणा नव्हे, ही मुद्दाम आखलेली रेघ आहे.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. पुराणाच्याही १६४९ आणि १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवरच बंदीचा हुकूम काढला. आज त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवलेल्या प्रतींमुळे. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या सोबत नेल्या आणि घरोघरी गाऊन जपल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि मग कुठे महाराष्ट्रातल्या अभ्यासकांचे त्याच्याकडे लक्ष गेले.